तोंडातलं वाक्य

नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी कांदिदोच्या हातात तोपीलचा दंडुका आला आणि त्याच सकाळी फ्लाव्हियानाला कळून चुकलं, की यंदा मेंढरांमागे लेकीला, ओदिलियालाच जावं लागणार.

गावसभेनं नाव घेतलं की नाही म्हणायची सोय यालोसेत नव्हती. तोपील म्हणजे गावचा शिपाई. वर्षभर चावडी झाडायची, निरोप पोचवायचे, दारुड्यांना उचलून कोठडीत टाकायचं, रात्री चावडीच्या ओट्यावरच झोपायचं, आणि पगार म्हणून काही नाही. कांदिदोनं टोपी काढून दंडुका घेतला, तो काळ्या लाकडाचा गुळगुळीत दांडा उलटसुलट करून पाहिला आणि घरी येऊन म्हणाला, "फ्लाव्हिया, यंदा मी घरात पाहुणा."

"पाहुण्याला निदान जेवायला वाढता येतं," ती म्हणाली. "तुम्ही तर तेवढ्यालाही यायचे नाहीत."

त्या हिवाळ्यात डोंगरावरचं धुकं उतरायचं ते गोठूनच. गावालगतचं गवत पहाटे पांढरं पडे आणि उन्हं आली की काळं होऊन झोपे. वर उन्हाच्या अंगाचं गवत तगलेलं, म्हणून मेंढरं वरच्या कुरणात न्यायची वेळ आली. तिथं कांदिदोची बहीण तोरिबिया एका फळ्यांच्या खोपटात राही. तिचे डोळे निम्मे गेलेले. मेंढरू लांडग्यानं ओढून नेलं तरी तिला आवाजावरूनच कळायचं. म्हणून बारा-तेरा वर्षांची ओदिलिया सहावीची परीक्षा तोंडावर आली असताना घोंगडी खांद्यावर टाकून वर गेली. जाताना रडली नाही. मास्तरांनी दिलेली पेन्सिल मात्र वेणीत खोवून नेली.

सहावीचा दाखला हातात आला तर खालच्या गावात मुलींचं वसतिगृह होतं, तिथं तिला पुढं शिकता येणार होतं. नाही आला तर मेंढरं होतीच.

रेजिनो मास्तर समुद्राकाठचे. थंडीनं त्यांचं नाक कायम लाल. गावची भाषा त्यांना कामापुरती येई. त्यांची एक पद्धत होती. रोज सकाळी ते फळ्यावर जुन्या काळच्या कुणा थोर माणसाचं एक वाक्य लिहीत, तो माणूस कोण, ते केव्हा बोलला, ते सांगत. मग मुलं एका सुरात वाक्य म्हणत, मास्तर ओल्या फडक्यानं फळा पुसून टाकत, आणि मुलांनी त्यावर आपल्या मनचं एक पान लिहायचं. वाक्याखाली कुणाचं तरी घर, कुणाचा कुत्रा, कुणाची म्हातारी, असं काही ना काही उगवे.

मास्तरांच्या जेवणाची जबाबदारी त्या वर्षी शाळासमितीनं फ्लाव्हियानावर टाकली होती. ती मक्याच्या भाकऱ्या, काळा घेवडा आणि मिरचीचा ठेचा घेऊन सकाळी शाळेत जाई, आणि तिथूनच तोरिबिया-ओदिलियाचं जेवण पाठीवर बांधून वर कुरणाकडे निघे. तिनंच विषय काढला.

"मास्तर, पोरगी वरून पान लिहून देईल. मी आणीन. नाव तेवढं कापू नका."

मास्तर बराच वेळ चहाच्या वाफेत नाक धरून बसले. "परीक्षेची नावं जातील त्याच्या आदल्या दिवसापर्यंत रोज एक पान हवं. एकही चुकलं तर मला तिला हजर म्हणता येणार नाही."

"मग वाक्य चिठ्ठीवर लिहून द्या."

"चिठ्ठी नाही देणार. आज तुला दिली तर उद्या सगळे आईबाप चिठ्ठ्या मागायला दारात उभे राहतील. मेंढरं काय तुमच्याचकडं आहेत? वर्ग ओस पडेल माझा. इथली पोरं ऐकून लिहितात, तिनंही ऐकूनच लिहिलं पाहिजे." आणि मग थोडं हसून म्हणाले, "तुझ्या तोंडून गेलं, तर जाऊ दे."

ते हसण्यावारी बोलले होते. फ्लाव्हियानानं ते सौदा झाल्यासारखं धरलं.

वाक्य स्पॅनिशमधलं. तिला स्पॅनिश येत होतं ते बाजारापुरतं: किती, महाग, कमी कर. पहिल्या दिवशी मास्तरांनी क्वाउतेमोकचं वाक्य लिहिलं. त्या राजाचे पाय परक्यांनी विस्तवावर धरले, शेजारी त्याचा सोबती कळवळायला लागला, तेव्हा राजा म्हणाला म्हणे, मी काय गुलाबांच्या शेजेवर पडलोय? खिडकीखाली उभं राहून फ्लाव्हियानानं वाक्य घोकलं आणि तोंडात धरून निघाली. पायाच्या तालावर म्हणत राहिली. शाळेची भिंत संपेपर्यंत सगळं ठीक होतं.

पण यालोसेची वाट म्हणजे नुसती वाट नव्हे. समोरून कुणी आलं की थांबायचं, मान लववायची, मोठा असेल तर त्याच्या बोटांना बोटं लावायची आणि म्हणायचं, "पादियुश." मग तो विचारणार, कुठून आलीस, कुठं निघालीस, नवरा कसा, डुक्कर कसं. त्याचीही उत्तरं घ्यायची. न बोलता निघून जाणं म्हणजे त्या माणसाला धोंडा समजणं. देवळाच्या वळणावर म्हातारा क्रिसोफोरो घायपाताच्या वाखाचा दोर वळत बसे. गावची सगळी पदं भूषवून मोकळा झालेला, गावातला सगळ्यात मानाचा माणूस. गावात लग्न जुळायचं असो की भांडण मिटायचं, त्याच्या मान डोलावण्याकडं बघितलं जाई.

"पादियुश, तात्या."

"पादियुश, सूनबाई. डुकरिणीनं पिलं दिली का?"

दिली होती. किती दिली, किती जगली, कुठलं लंगडं, सगळं सांगून झालं. फ्लाव्हियाना वर पोचली तेव्हा तिच्या तोंडात एकच शब्द उरला होता.

"गुलाब," ती म्हणाली.

ओदिलिया मेंढीच्या खुरातला काटा काढत होती. "गुलाबांचं काय, आई?"

"होते. किंवा नव्हते. काहीतरी गुलाबांचं होतं बघ."

पोरीनं देवळातल्या गुलाबांवर एक पान लिहिलं. दुसऱ्या दिवशी ते वाचून मास्तर म्हणाले, "लिहिलंय छान. पण फ्लाव्हियानाबाई, राजाचे पाय जळत होते."

"ते वाटेत पडले, मास्तर," ती म्हणाली. मास्तरांनी त्या दिवसाचं पान मांडून घेतलं, पण मान हलवली ती काही तिला आवडली नाही.

त्या दिवसापासून तिनं तोंड मिटलं.

शाळेच्या दारातून निघायची ती ओठ घट्ट दाबून. आत वाक्य फिरत असे, जिभेवर गरम बटाटा धरल्यासारखं. समोरून कुणी आलं की ती मान हलवी आणि पुढं सरके. ओढ्याकाठच्या बाया हाका मारत, ती हात वर करी. वर पोचल्यावर आधी पाठीवरचं ओझंही न उतरवता ती वाक्य ओतून टाकी, मग तिथंच फतकल मारून धापा टाकी. ओदिलिया वाक्य दोनदा म्हणवून घेई, स्पॅनिशचा अर्थ आईला सांगे आणि पेन्सिलीला थुंकी लावून बसे. तिच्या पायांना भेगा पडल्या होत्या. भेगांत मेंढीची चरबी भरून, पाय घोंगडीत गुंडाळून ती लिही. मास्तर पानं वाचून काही बोलत नसत. एकदा मात्र म्हणाले, "ही पोरगी थंडीबद्दल असं लिहिते की मला वर्गात शाल घ्यावी लागते."

पण गावात चर्चा सुरू झाली.

गिरणीवर पहाटे बायांची रांग लागे. फ्लाव्हियाना भिजल्या मक्याची बादली ठेवून उभी राहिली की तिच्या पुढे एकेक बादली सरकत जाई. कुणी काही म्हणायचं नाही. बादली मात्र मागेच.

तिची धाकटी जाऊ सेल्सा एकदा सगळ्यांदेखत म्हणाली, "बाई, दंडुका भावजींच्या हातात आहे. ताठ तू का चालतेस?"

बाया हसल्या.

"मी ताठ नाही गं. तोंडात वाक्य असतं माझ्या."

"वाक्य! आमच्या तोंडात काय शेण असतं का?"

"सेल्सा, लेकीचं नाव कापतील गं."

"नाव कापलं तर पोरगी मरते का? माझं कुठं होतं नाव?" सेल्सानं बादली उचलून गिरणीत रिकामी केली. तिच्या आवाजात राग होता, आणि रागापलीकडलंही काहीतरी होतं. घरी जाऊन फ्लाव्हियानानं पाट्यावर दुसऱ्यांदा दळलं, कारण शेवटच्या बादलीचं पीठ नेहमी जाडं येई.

मग ती क्रिसोफोरोच्या समोरूनही तशीच गेली. एकदा गेली, तेव्हा त्याला वाटलं दिसलो नसेन. दुसऱ्यांदा त्यानं हात पुढं केला, बोटं लांबवली. तिनं ती बोटं पाहिली. वाक्य लांबलचक होतं, अर्धं जिभेवर, अर्धं घशात. ती मान घालून पुढं गेली. म्हाताऱ्याचा हात हवेत तसाच राहिला. ते पलीकडं लाकडं फोडणाऱ्या दोघांनी पाहिलं.

संध्याकाळी दारात कांदिदो उभा. हातात दंडुका, डोक्यावर टोपी. घरात येईना.

"या की आत. दारात का?"

"आलोय ते निरोप घेऊन. सिंदिकोनं बोलावलंय चावडीवर." सिंदिको म्हणजे गावचे तंटे ऐकणारा.

"कुणाला?"

"तुला."

"आणि मला न्यायला तुम्हालाच धाडलं?"

"तोपील मीच आहे," कांदिदो म्हणाला, आणि खाली बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "शाल घे. तिथं ओट्यावर गार लागतं."

वाटेनं तो पुढं आणि ती मागं. नियमाप्रमाणे तोपीलनं मागं राहायला हवं होतं, पण ते त्याच्यानं झालं नाही.

चावडीच्या ओसरीत बाकांवर म्हातारे बसले होते. कंदिलाभोवती पाकोळ्या. क्रिसोफोरो मधोमध, गुडघ्यांवर तेच दोन हात. सिंदिकोनं घसा साफ केला.

"फ्लाव्हियाना, तात्यांनी हात पुढं केला. तू घेतला नाहीस. खरं?"

"खरं."

"दृष्टी गेली का?"

"नाही."

"मग कुठं गेलं होतं लक्ष?"

"तोंडात," ती म्हणाली. कुणीतरी फिसकन हसलं. तिनं सगळं सांगितलं: पोरगी, पान, मास्तर, गुलाब. सांगताना घाम फुटला. कांदिदो खांबाला टेकून उभा होता, दंडुका दोन्ही हातांनी धरून.

क्रिसोफोरो तरुणपणी पलटणीत राहून आलेला, त्याला स्पॅनिश चांगलं येई. तो म्हणाला, "मी हात पुढं केला, त्या दिवशी कुठलं वाक्य होतं तोंडात?"

तिला ते येत होतं. धरून धरून पाठच झालं होतं. तिनं डोळे मिटून म्हटलं. हुआरेस नावाच्या जुन्या राष्ट्राध्यक्षाचं वाक्य होतं ते. जसं माणसामाणसांत तसंच राष्ट्राराष्ट्रांत, दुसऱ्याच्या हक्काचा मान राखणं म्हणजेच शांतता.

तिला अर्थ ठाऊक होता, ओदिलियानं सांगितला होता. पण या चावडीत, या माणसापुढं म्हणताना तो तिला पहिल्यांदा ऐकू आला. तिचे कान तापले.

"हे तोंडात घेऊन," क्रिसोफोरो सावकाश म्हणाला, "तू माझा हात हवेत ठेवून गेलीस?"

आधी सिंदिको हसला. मग बाकावरचे बाकीचे. शेवटी म्हाताऱ्याचे खांदे हलायला लागले. तो हसत होता, पण हसणं संपल्यावरचा त्याचा चेहरा मऊ नव्हता.

"ऐक. वाटेवरचा मान मोडायचा नाही. तुझ्या पोरीसाठी नाही, सरकारासाठी नाही. उद्यापासून माझ्यापाशी थांबायचं. आधी तोंडातलं माझ्यापाशी ठेवायचं. मग पादियुश म्हणायचं, नीट बोलायचं, आणि जाताना माझ्याकडून परत घेऊन जायचं. मी सांडत नाही."

असं ठरलं. दुसऱ्या दिवसापासून फ्लाव्हियाना देवळाच्या वळणावर थांबे, वाक्य म्हणे, म्हातारा ते एकदा ओठांत घोळवून मान हलवी. मग पादियुश. मग डुक्कर, मेंढरं, गोठलेलं गवत, तोरिबियाचे डोळे. म्हातारा मुद्दाम लांबवी. आणि शेवटी, दोराला पीळ देता देता, वाक्य जसंच्या तसं परत देई, वर एखादा शेराही: "हा माणूस उपाशी असणार, भरल्या पोटी कुणी असं बोलत नाही." हळूहळू त्याला त्याची चटक लागली. तिला उशीर झाला तर तो वाटेकडं मान वळवून बसे. गिरणीवर तिची बादलीही रांगेत जागच्या जागी राहायला लागली.

आणि मग परीक्षेची नावं पाठवायच्या आदला दिवस आला. शेवटचं पान.

त्या दिवशी मास्तरांनी गेर्रेरोचं वाक्य लिहिलं. गेर्रेरो देशाच्या स्वातंत्र्यासाठी डोंगरात लढत होता. राज्यकर्त्यांनी त्याच्या म्हाताऱ्या बापालाच त्याच्याकडं धाडलं, शस्त्रं खाली ठेव म्हणून विनवायला. बाप रडला, असं म्हणतात. आणि गेर्रेरो म्हणाला, हे माझे वडील आहेत, त्यांचा मान मी नेहमीच राखला. पण देश पहिला.

तिनं ते वळणावर आणून ठेवलं. क्रिसोफोरोनं ऐकलं. दोर वळायचा थांबला.

"बापाला?" तो म्हणाला.

"हो, तात्या. बाप आला होता म्हणे विनवायला."

"आणि यानं बापाला रिकाम्या हातानं परत पाठवलं. आणि हे शाळेत पोरांना शिकवतात."

"पादियुश, तात्या," ती घाईनं म्हणाली. तिला बोलणं डुकरांकडं न्यायचं होतं. तिनं पिलांचं सांगितलं, कुंपणाचं सांगितलं. म्हातारा हूं हूं करत राहिला. शेवटी ती म्हणाली, "द्या तात्या. निघते. धुकं चढतंय."

"नाही द्यायचं," क्रिसोफोरो म्हणाला.

तिला वाटलं थट्टा.

"हे वर जाणार नाही. आधीची सगळी गेली. लढाया गेल्या, मरणं गेली. हे नाही. पोरीच्या जातीला बापाला उलटून बोलायचं शिकवायचं? तुझा कांदिदो वर्षभर गावासाठी उंबरठ्याबाहेर झोपतोय, ते कुणाच्या शब्दावर? बापाच्या, गावाच्या."

"तात्या, आज शेवटचं पान आहे. उद्या नावं जाणार."

"एक पान कमी जाईल."

"एक पान कमी चालत नाही."

"मग पुढल्या वर्षी."

तिनं वाक्य आठवून पाहिलं. सवयच लागली होती त्याच्यावर सोडून द्यायची. जिभेवर 'पाद्रे', म्हणजे बाप, एवढाच शब्द सापडला. परत शाळेत जावं तर तिथून पुन्हा वर जाईतो अंधार पडणार, आणि मास्तर संध्याकाळीच नावांचे कागद घेऊन खालच्या गावाला निघणार होते, उद्या ती तिथून पुढं जायची. ती खाली मातीत बसली. म्हातारा दोर वळू लागला. वाटेनं सेल्सा पाण्याची घागर घेऊन आली, दोघांना पादियुश करून उभी राहिली.

"काय झालं?"

सेल्सानं जावेच्या चेहऱ्याकडं पाहिलं, म्हाताऱ्याकडं पाहिलं, आणि घागर खाली ठेवून तिथंच थांबली. धुकं देवळाच्या कमानीपर्यंत आलं. म्हाताऱ्याच्या बोटांतून वाख सरसर सरकत होता. तो एकदाही वर बघेना. वर कुरणात ओदिलिया पेन्सिल हातात धरून वाटेकडं बघत असणार, हे फ्लाव्हियानाला दिसत होतं.

मग ती उठली. लुगड्याची माती झटकली. क्रिसोफोरोपुढं गेली, वाकली आणि त्याच्या दोन्ही हातांना बोटं लावली. वाखासकट.

"तात्या," ती म्हणाली, "तुम्ही मला बापाच्या जागी. तुमचा मान मी राखलाय आणि पुढंही राखीन. पण पोरगी आधी."

आणि ती निघाली. मागं सेल्साची घागर दगडाला लागल्याचा आवाज आला. हाक आली नाही. चढ संपेपर्यंत तिचं तोंड रिकामंच होतं.

ओदिलिया खोपटाच्या दारात उभी होती. "वाक्य?"

"नाही. तात्यांनी ठेवून घेतलं. बापाचं होतं काहीतरी." फ्लाव्हियानानं ओझं उतरवलं आणि खाली बसली. मग तिनं सगळं सांगितलं, झापोतेकमध्ये, आपल्या गावच्या भाषेतच.

"तू तात्यांना असं म्हणालीस?" पोरीनं विचारलं. "पुन्हा सांग. जसंच्या तसं."

तिनं पुन्हा सांगितलं. तोरिबिया आतून म्हणाली, "बाई, आता गिरणीला जाऊच नको." ओदिलियानं पेन्सिलीला थुंकी लावली आणि पाय घोंगडीत ओढून घेतले. त्या दिवशी तिनं पान उलटूनही लिहिलं.

उतरताना फ्लाव्हियानानं तो कागद छातीशी धरला होता. देवळाच्या वळणाला क्रिसोफोरो अजून बसलेला. तिला वाट बदलता आली असती, ओढ्याकडून एक पायवाट होती. ती त्याच्याच समोर येऊन थांबली, मान लववली आणि बोटं पुढं केली.

"पादियुश, तात्या."

म्हातारा दोराला पीळ देत राहिला. हात हवेत राहण्याची पाळी आता तिची होती. ती तो खाली घेईना. शेवटी त्यानं दोर मांडीवर ठेवला आणि तिच्या बोटांना आपली बोटं टेकवली.

"पादियुश. लिहिलं पोरीनं?"

"लिहिलं."

"काय लिहिलं?"

"मला कुठं वाचता येतं, तात्या."

त्यानं हात पुढं केला. तिनं कागद दिला. पलटणीत तो स्पॅनिश बोलायला शिकला होता, वाचायला नाही. त्यानं ती अक्षरं नुसती डोळ्यांजवळ धरली, मग लांब धरली, दोन्ही बाजू उलटून पाहिल्या आणि होती तशी घडी घालून कागद तिला परत केला.

"जा लवकर," तो म्हणाला. "मास्तर निघायच्या आत पोच. आणि वाटेत कुणाशी बोलत बसू नकोस."